गाभण गाईची उजवी कूस

गोंदिया जिल्ह्याचा इतिहास कुणी सांगायला बसलं की तलावांपासून सुरुवात होते. मग ते बांधणारे कोहळी, मालगुजार, रेल्वे, तांदळाच्या गिरण्या, बिडीचा धंदा आणि शेवटी १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा निघालेला जिल्हा. यातलं काही खोटं नाही. पण मी जन्मभर पशुधन पर्यवेक्षकाची नोकरी केली. आमगाव, सालेकसा, देवरीकडच्या गोठ्यांत माझे दिवस गेले. मला हा इतिहास गाईच्या दोन कुशींत दिसतो. तोही दुधाच्या गाईच्या नव्हे, गाभण राहून आटलेल्या गाईच्या. दूध बंद झालं की घरच्यांचं लक्ष तिच्यावरून उठतं आणि नेमकं त्याच दिवसांत तिच्या पोटात सगळ्यात मोठं काम चाललेलं असतं.

माझा आजा गावचा ढोरकी. आम्ही गोवारी, पिढ्यान्‌पिढ्या गावची ढोरं राखणारे. सकाळी आखरावर जनावरं जमली की हाकण्याआधी आजा एकेक गाय मागून निरखायचा. "डावी कूस चाऱ्याची, उजवी वासराची" हा त्याचा धडा. बोडीवर थंड पाणी पिऊन गाय काठावर आली की तो तिच्या उजव्या बाजूला उभा राहायचा. सहा-सात महिन्यांची गाभण असेल तर थंड पाण्यानं वासरू हलतं आणि कातडीखाली ढुशी उमटते. उमटली नाही तर कुशीच्या खालच्या अंगाला मूठ टेकवून हलका धक्का द्यायचा आणि मूठ तिथंच ठेवायची. आतलं काहीतरी टणक दूर जाऊन परत येतं आणि मुठीला लागतं. एवढं झालं की पोरांना बजावायचा, "गाभन हाय, तिले पयवू नोको."

पुढे पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलं तेव्हा कळलं की आजाचं वर्गीकरण शरीरशास्त्राला धरूनच होतं. गाईच्या पोटाचे चार कप्पे. त्यातला पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे कोठीपोट. त्यानं पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू व्यापलेली असते. त्यामुळे वाढतं गर्भाशय उजवीकडे सरकतं. शेवटच्या दोन महिन्यांत वासराचा आकार इतका होतो की तेच कोठीपोटाला रेटतं. गाईला गरज जास्तीची, पण आत जागा कमी. म्हणजे या दिवसांत थोडक्यात जास्त सत्त्व देणारा चारा हवा. आमच्या धानाच्या मुलखात तिला मिळतं ते तणस, पोट भरणारं पण सत्त्व नसलेलं. ही गाठ कशी पडली हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

आधी उजव्या कुशीचं. गाय जणल्यावर पडलेला जार मी हातमोजे घालून पसरून बघत असे. एखादा तुकडा आत राहिला की काय हे त्यातून कळतं. चार-पाच किलोचा पातळ पडदा, त्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं आणि ठिकठिकाणी तळहाताएवढे लालभडक, खरखरीत गोल चट्टे. सर्वसाधारणपणे ७० ते १२० असतात. गर्भाशयाच्या आतल्या अंगाला तेवढेच उंचवटे असतात आणि प्रत्येक चट्टा आपापल्या उंचवट्यात बोटं गुंतवल्यागत रुतून बसलेला असतो. माणसाची वार एकाच जागी चिकटते, गाय-म्हैस-शेळीची मात्र अशी जागोजाग. वासराला जे काही मिळतं ते या शंभरेक ठिकाणांहून.

आईचं रक्त वासराच्या अंगात जातं, असा समज अजून गावोगाव आहे. तसं होत नाही. विल्यम हंटर या लंडनच्या डॉक्टरनं १७७४ मध्ये माणसाच्या गर्भाशयाची मोठी चित्रमय पोथी छापली आणि आईचा रक्तप्रवाह वेगळा, बाळाचा वेगळा हे दाखवून दिलं. गाईत तर दोघांच्या रक्तामधले पडदे माणसापेक्षाही जास्त. त्या पडद्यांतून प्राणवायू, साखर, प्रथिनांचे सुटे घटक, चुना, पाणी वासराकडे जातं. कर्बवायू आणि युरिया उलट दिशेनं आईकडे येतो. आईकडून आलेल्या साखरेतली थोडी जार स्वतःच फळातल्या साखरेत बदलतो, म्हणून पोटातल्या वासराच्या रक्तात ती साखर भरपूर सापडते. वासराचं मूत्र बेंबीतून बाहेरच्या पिशवीत साठतं. विण्याच्या वेळी आधी फुटते ती हीच पाण्याची पिशवी. आतल्या पिशवीतलं पाणी वासरू थोडं थोडं गिळत राहतं. जन्मल्यावर पहिल्यांदा पडणारं काळपट चिकट शेण म्हणजे त्या दिवसांतला साठा. आतडी पोटातच कामाला लागलेली असतात. जेवण मात्र सगळं नाळेतून.

आता डाव्या कुशीचं. वासराला मुख्यतः साखर हवी आणि गवत खाणाऱ्या जनावराला आतड्यातून साखर मिळतेच कुठं? तणस, गवत, पाला यांचा सांगाडा ज्याचा बनलेला असतो, तो तंतू पचवणारा रस गाईच्या अंगात तयार होत नाही. ते काम कोठीपोटातले जीवजंतू करतात. १८४३ मध्ये ग्रुबी आणि देलाफों या दोघांनी पॅरिसमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली ते पहिल्यांदा पाहिले. गाय चारा अर्धवट चावून गिळते, मग सावलीला बसून दिवसातले सहा-आठ तास रवंथ करते. मोठ्या गाईच्या तोंडातून दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ पोटात जाते आणि आतला आंबटपणा आवरून धरते. जंतू चारा आंबवतात, त्यातून तीन प्रकारची आम्लं निघतात. त्यातलं प्रोपिऑनिक आम्ल यकृतात गेलं की त्याची साखर होते. ती साखर रक्तात, रक्त गर्भाशयाच्या उंचवट्यांत आणि तिथून वासराकडे. जंतू स्वतः पुढे चौथ्या कप्प्यात जाऊन मरतात, पचतात आणि गाईला प्रथिनं पुरवतात. थोडक्यात, वासरू पोसायचं तर आधी जंतू पोसावे लागतात.

आणि जंतूंना नत्र लागतं. चाऱ्यात सहा-सात टक्क्यांच्या खाली प्रथिनं गेली की त्यांची वाढ मंदावते. मग चारा पोटात पडून राहतो, गाईला भूक लागत नाही आणि ती खातही कमी. भाताच्या तणसात प्रथिनं तीन-चार टक्के. वर त्यात वाळूतली सिलिका भरपूर, जी पचनाला आडवी येते. आणि ऑक्झॅलेट, जे चुन्याला धरून शेणावाटे बाहेर नेतं. नुसत्या तणसावरची गाय बाहेरून पोट भरलेली दिसते. डावी कूस टम्म, उजवीत वासरू उपाशी. गर्भकाळ २८० ते २८५ दिवसांचा आणि वासराच्या जन्मवजनातला साधारण दोन-तृतीयांश भाग चढतो तो शेवटच्या तीन महिन्यांत. त्या काळात आई स्वतःच्या हाडामांसातून काढून देते. देण्याजोगं संपलं की वासरू अशक्त जन्मतं, चीक पातळ येतो, जार अडकतो, गाय पुन्हा माजावर यायला वर्ष घेते.

मग जुन्या काळी काय होतं? तेव्हाही तणसच होतं की. होतं, पण ताटात ते एकटं नव्हतं.

मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर रसेल आणि हिरालाल यांनी चार खंडांचं पुस्तक १९१६ मध्ये छापलं. त्यात गोवाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. १९११ च्या मोजणीत गोवारी दीड लाखाहून अधिक होते आणि त्यातले बहुतेक नागपूर विभागातले, अशी नोंद आहे. इतकी माणसं ढोरं राखून जगत होती याचा अर्थ तेवढी ढोरं घराबाहेर, रानात चरत होती. गावची चराई मालगुजाराच्या, म्हणजे गावाच्या जमीनदाराच्या, हद्दीतल्या जंगलात, पडीत जमिनीवर चालायची. लाकूडफाटा, गवत, चराई यांचा निस्ताराचा हक्क गावाच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे वहिवाटीच्या नोंदीत, लिहिलेला असायचा. ढोरक्याला ढोरामागं ठरलेलं धान वर्षाकाठी मिळायचं, सणावारी जेवण, आणि गाय जणली की मालकाघरून चीक. आजा सांगायचा, चीक कुणाकडून किती आला यावरून त्याला मालकाची नियत कळायची.

या रोजच्या फेरीत एक गोष्ट होती जिच्याकडे कुणी लक्ष देऊन पाहिलं नाही. ढोरकी दुभती आणि आटलेली अशी निवड करत नाही. आखरावरून निघालेली सगळी ढोरं एकाच रानात जातात. घरी दुभत्या गाईला कोंडा नि आटलेलीला तणस असा भेद असेल, पण रानात दोघींना सारखंच. आमच्याकडच्या बऱ्याच गायी पावसाळ्याअखेरीस, अंगावर मास चढलं की माजावर येत आणि पुढच्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास जणत. म्हणजे शेवटचे तीन महिने ऐन उन्हाळ्यात. गवत जळून गेलेलं, बोड्या आटलेल्या. पण त्याच दिवसांत रानात मोह गळतो. मोहफूल म्हणजे सुकली तरी गोडी न जाणारी साखर. पहाटे झाडाखाली माणसाआधी गाय पोचते. बाभळीच्या शेंगा त्याच दिवसांत पडतात. बांबूचा पाला हिरवा असतो, बोरीचा असतो. या पाल्या-शेंगांत प्रथिनं तणसाच्या कितीतरी पट. पोटातल्या जंतूंना लागणारं नत्र पाल्याशेंगांतून आणि साखर मोहातून. आजाला यातलं काही असं सांगता आलं नसतं. त्याला एवढं ठाऊक होतं की चैत्रापासून गाभण गायी मोहाच्या बाजूनं न्यायच्या आणि उन्हं चढायच्या आत सावलीला रवंथाला बसवायच्या.

आमची गायही त्या रानाला साजेशी होती. बुटकी, काटक, चिखलात पाय न रुतणारी. पूर्व विदर्भातल्या या गुरांची 'कठाणी' नावानं अलीकडेच देशपातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. दूध शेर-दोन शेर, पण बैल धानाच्या बांधीत चिखलणीला पक्के. अशा गाईचं वासरू जन्मताना पंधरा-अठरा किलोचं. तिच्या अंगावरचा भार तिच्या चाऱ्याच्या हिशेबातला होता.

हे ताट एका दिवसात रिकामं झालं नाही. त्यातला एकेक घास वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कारणांनी उचलला गेला.

सगळ्यात आधी गेला कोंडा. घरोघर उखळ-मुसळानं धान सडलं जायचं, तेव्हा तांदूळ माणसांना आणि कोंडा ढोरांना अशी सोपी वाटणी होती. कोंड्यात प्रथिनं, तेल, स्फुरद. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे गोंदियावरून गेली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनं तिचा मार्ग रुंद केला. पुढच्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून जबलपूरकडे अरुंद फाटा निघाला आणि गोंदिया जंक्शन झालं. धानाला बाजार मिळाला, गिरण्या उभ्या राहिल्या. धान गिरणीत गेलं की त्याच्याबरोबर कोंडाही जातो. पुढे त्यातून तेल काढण्याचे कारखाने आले, मग तर कोंड्याला पैसा चढला. गोंदियाला तांदळाची नगरी म्हणतात तेव्हा मला आठवतं की त्या नगरीत गावागावांतला कोंडाही गोळा झाला, आणि तो परत आला तो पोत्यात भरून, दुकानातून, विकत.

मग रान. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. मालगुजार गेला हे चांगलंच झालं. पण त्याच्या हद्दीतलं जंगल सरकारजमा झालं आणि निस्तार आता वनखात्याच्या नियमांवर आला. १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य झालं, १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान, डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. वाघ राखायला हवा याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण काठावरच्या गावांची चराई तिथं संपली, आणि तिच्या बदल्यात गाभण गाईला काय द्यायचं याचा विचार कुठल्याच आराखड्यात झाला नाही. उरलं झुडपी जंगल, म्हणजे मध्य प्रांताच्या महसुली कागदांत गुरं चारायला सोडलेली काटेरी, खुरटी जमीन. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर ती वन की महसूल हा वाद नागपूर-वर्ध्यापासून गोंदिया-गडचिरोलीपर्यंत सहा जिल्ह्यांत चालला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वनजमीनच असल्याचं सांगितलं. तोवर तिच्यावर घरं, शाळा, कचेऱ्या, शेतं उभी राहिली होती आणि गाईच्या वाट्याला फार थोडं उरलं होतं.

तिसरी गेली लाखोरी. धान कापायच्या पंधरा दिवस आधी, बांधीत ओल असतानाच उभ्या पिकात लाखोरी फेकायची, याला उतेरा म्हणतात. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही; माघ-फाल्गुनात पीक हाताशी. डाळ माणसांना आणि कुटार ढोरांना. शेंगवर्गातलं पीक असल्यानं कुटारात प्रथिनं तणसापेक्षा बरीच जास्त. तणसात मूठभर कुटार मिसळलं की गाय सगळं संपवायची, कारण जंतूंना नत्र मिळून पोट हलतं राहायचं. पण लाखोरीच्या डाळीत एक द्रव्य असतं. दुष्काळात तिच्यावरच महिनोन्‌महिने जगणाऱ्या माणसांचे पाय त्यानं लुळे पडतात. म्हणून १९६१ मध्ये राज्यात तिच्या विक्रीवर बंदी आली, ती उठली २००८ मध्ये. मधल्या काळात लोक चोरूनमारून पेरत राहिले, पण ज्याला उघड बाजार नाही त्या पिकाचा जीव किती? त्यातच इटियाडोहसारख्या धरणांचं पाणी आलं, मोटारपंप आले, उन्हाळी धान आलं. ज्या बांधीत उतेऱ्याची लाखोरी उभी राहायची तिथं दुसरं धान. म्हणजे वर्षातून दोनदा तणस. ढीग वाढले, सत्त्व तेवढंच. आता हार्वेस्टर आलाय, तो तणसाचे तुकडे करून बांधीतच टाकतो. तेही पुष्कळदा जाळलं जातं.

याच काळात गाय बदलली. दुधाच्या योजना आल्या, कृत्रिम रेतन आलं, जर्सी आणि होल्स्टीनचं रक्त आलं. मी स्वतः या कामातला माणूस आहे. दुधाच्या पैशानं उभी राहिलेली घरं मी पाहिली आहेत, त्यामुळे संकराला नावं ठेवणार नाही. पण वासरू पंचवीस-तीस किलोचं झालं. उजव्या कुशीची मागणी दीडपटीहून जास्त झाली, तेव्हाच डाव्या कुशीतून कोंडा, पाला, मोह, कुटार एकेक करून निघून गेलं. गाय अडल्याची आणि जार न पडल्याची बोलावणी वाढली ती याच गोठ्यांतून.

जाराभोवती आमच्याकडे किती रीती! काही गावांत तो वडावर किंवा उंबरावर टांगतात. चिकाचं झाड, म्हणून गाईला दूध उतरेल हा भाव. काही घरी उकिरड्याच्या कोपऱ्यात पुरतात. गाईनं तो खाऊ नये म्हणून रात्रभर कुणीतरी राखण बसतं, आणि ही राखण शहाणपणाची आहे, कारण खाल्लेला जार घशात अडकतो किंवा पोटात सडतो. तो लवकर पडावा म्हणून बांबूचा पाला देतात, गुळाचं पाणी देतात; त्यानं वाईट काही होत नाही. पण लोंबत्या जाराला जोडा किंवा दगड बांधतात, ती रीत मला कधीच पटली नाही. ओढानं पडदा तुटतो, अर्धा आत राहतो, गर्भाशय सडतं. निरोगी गाईचा जार बारा तासांच्या आत आपसूक सुटतो. सुटत नसेल तर त्याचं कारण जाराला बांधलेल्या वजनात नसतं, मागच्या तीन महिन्यांच्या ताटात शोधावं लागतं, नाहीतर रोगात. सांसर्गिक गर्भपाताचे जंतू याच जारातून माणसाच्या हाताला लागतात आणि महिनोन्‌महिने ताप देतात. म्हणून टांगण्यापेक्षा चुना टाकून खोल पुरलेला बरा.

दुसरी रीत त्याहून महागात पडते. जार पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही. असं सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात माझ्या नोकरीचा मोठा भाग गेला. वासराची गोष्ट माणसाच्या बाळाहून वेगळी. माणसाच्या वारेतून आईची रोगांविरुद्धची द्रव्यं बाळाकडे पोटातच जातात. गाईच्या जारातले पडदे ती जाऊ देत नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा रोगांपुढे अगदी उघडं असतं आणि त्याचं सगळं संरक्षण चिकात असतं. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी १९२२ मध्ये काही वासरांना चीक पाजला, काहींना नाही. ज्यांना मिळाला नाही त्यातली बहुतेक दगावली. वासराचं आतडं ही द्रव्यं जशीच्या तशी रक्तात घेतं, पण पहिल्या दिवसापुरतंच, त्यातही पहिल्या सहा तासांत सगळ्यात जास्त. मग ते दार बंद. जाराची वाट बघत बारा तास गेले की उशिरा पाजलेला चीक बहुतांशी नुसता आहार ठरतो. उलट वासरू लुचायला लागलं की आईच्या अंगात जो स्राव सुटतो त्यानं गर्भाशय आवळतं आणि जार पडायला मदत होते. म्हणजे रीत नेमकी उलटी हवी. आजा हे शिकलेला नव्हता, तरी रानात जणलेल्या गाईचं वासरू तो आधी तिच्या सडाला लावायचा आणि मगच खांद्यावर घेऊन गावाकडे निघायचा.

चीक पिणाऱ्या वासराचं पोट गाईसारखं नसतं हेही सांगायला हवं. जन्मतः कोठीपोट लहान आणि निकामी. सगळ्यात मोठा असतो तो चौथा कप्पा. वासरू मान वर करून लुचतं तेव्हा अन्ननळीच्या टोकाशी स्नायूंची पन्हळ मिटते आणि दूध पहिले तीन कप्पे टाळून थेट चौथ्यात उतरतं, तिथं त्याचं दही होतं. दोन-तीन आठवड्यांनी वासरू आईच्या तोंडचं गवत चघळायला लागलं की आईच्या लाळेतून, गोठ्यातल्या चाऱ्यातून जंतू त्याच्या पोटात शिरतात आणि तीनेक महिन्यांत कोठीपोट कामाला लागतं. नाळेवर जगलेला जीव आधी दुधावर आणि मग जंतूंच्या भरवशावर जगायला शिकतो, तो असा.

जणलेल्या गाईला भात शिजवून घालणं ही आमच्या मुलखाची माया. पातळ पेज, थोडा गूळ, इथवर ठीक. पण टोपलंभर भात किंवा खळ्यावर सुटून खाल्लेलं धान म्हणजे संकट. पिष्ट एकदम आलं की कोठीपोटातल्या जंतूंचा तोल जातो, आंबटपणा भराभर वाढतो, रवंथ थांबतो, गाय बसते ती उठत नाही. मळणीच्या दिवसांत माझ्या पिशवीत खायचा सोडा कायम असायचा.

ढोरक्यांचं काय झालं, हे थोडक्यात सांगतो, कारण ते विदर्भाला ठाऊक आहे. रान आक्रसलं, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, आखर ओस पडले. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन अजून होतं, ढालपूजा होते, डफ वाजतो. पण वर्षभर ढोरं राखून कुणाचं पोट भरत नाही. धंदा गेलेला समाज अनुसूचित जमातीची ओळख आणि सवलत मागायला नागपूरला विधानसभेवर मोर्चा घेऊन गेला. २३ नोव्हेंबर १९९४ ला त्या मोर्चात झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरं पुष्कळ. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोवाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. आमच्या घरात या तारखा पाठ आहेत. ज्या हातांना गाईच्या उजव्या कुशीचं ज्ञान होतं ते आज मजुरीला नागपूर-रायपूरला आहेत, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू.

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या आदिवासी गावांत २०१५ पासून गरोदर बायांना शेवटच्या तीन महिन्यांत अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण मिळू लागलं. अमृत आहार योजना म्हणतात तिला. शेवटचे तीन महिने का, हे तिथल्या बायांना समजावताना मी गोठ्यातलं उदाहरण द्यायचो आणि गोठ्यात अंगणवाडीचं. दोन्हीकडे मान डोलावली जायची. पण आटलेल्या गाईला खुराक म्हटलं की मालक म्हणायचे, "साहेब, ते दूध देत नाई ना आता."

तिला काय द्यायचं हे काही गुपित नाही. विण्याच्या दोन महिने आधी दूध बंद करा. रोज किलो-दीड किलो कोंडा-ढेप, त्यात चमचाभर खनिज मिश्रण. शंभर किलो तणसावर चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडा, दाबून एकवीस दिवस झाकून ठेवा. त्याचं नत्र जंतूंना लागू पडतं आणि तणस मऊ होतं. नुसता युरिया मात्र जनावराच्या तोंडी लागू देऊ नका, तो जीव घेतो. बांधावर सुबाभूळ, शेवगा लावा. बांधीत ओल असेल तिथं उतेरा पुन्हा फेका; बंदी उठली आहे.

यातलं काहीही नवं नाही. कोंडा, शेंगवर्गाचं कुटार, झाडाचा पाला, थोडी साखर हेच आजाच्या गायी खात होत्या. फरक एवढाच की तेव्हा हा खुराक गावाच्या सामाईक हक्कातून यायचा आणि तो गाईच्या तोंडापर्यंत नेण्यासाठी गाव एका माणसाला धान मोजायचं. आता तो प्रत्येक घरानं एकेकट्यानं विकत घ्यायचा. सालेकशातल्या दोन एकरवाल्याला तो परवडत नाही, म्हणून तो दुभत्या गाईपुरता घेतो आणि गाभणीला तणसावर ठेवतो. त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. खरं तर गिरणी, धरण, अभयारण्य, बंदी असे निर्णय वेगवेगळ्या काळी झाले, त्यातले काही गरजेचेही होते. पण चराईच्या हक्काची भरपाई कुणी ठरवलीच नाही. ती आजवर वासरांच्या वजनातून वसूल होत आली आहे. डेअरीचा हिशेब गाय जणल्यानंतर, पहिल्या लिटरापासून सुरू होतो. तो तीन महिने आधीपासून मांडायला घेतला, आणि गाभण गाईच्या खुराकाचा खर्च गावानं, डेअरीनं, सरकारनं वाटून घेतला, तर ज्याला आपण अनुदान म्हणू ते खरं तर जुनं देणं असेल.